भाचरांना बालगृहात ठेवलंय, ऑर्डरवर "पुढील आदेशापर्यंत" लिहिलंय, म्हणजे नक्की किती दिवस?

नीलूमावशी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मोबाईलवर टाइप करतेय आणि डोकं ठिकाणावर नाहीये.

माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर दीड वर्षापूर्वी गेले. दोन मुलं, मुलगी ११ ची, मुलगा ७ चा. सासरचं कोणी विचारत नाही. ती एका कंपनीच्या कॅन्टीनला लागलीय, आठवड्याआड रात्रपाळी असते, तेव्हा ती मुलांना जेवू घालून, झोपवून, बाहेरून कुलूप लावून जायची. हो, बाहेरून. मला माहीत नव्हतं, मी दुसऱ्या जिल्ह्यात असते. मागच्या आठवड्यात रात्री लाइट गेली, धाकटा घाबरून दार बडवायला लागला, थोरलीने मेणबत्ती लावली, ती पडून पडद्याने पेट घेतला. पोरीनेच बादली ओतून विझवलं. शेजारच्यांनी १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन केला, पोलीस आले, कुलूप तोडलं. बहीण सकाळी सातला घरी आली तर दार सताड उघडं आणि आत कोणी नाही.

त्याच दिवशी मुलांना बाल कल्याण समितीपुढे नेलं. ही तिथे पोचली, आधी रडली, मग चिडली, नको ते बोलली. त्यांनी विचारलं गोळ्या वगैरे घेता का, तर हिने खरं सांगून टाकलं की मिस्टर गेल्यापासून झोपेची गोळी घेते (रात्रपाळी नसते तेव्हा). आता ऑर्डरमध्ये आलंय की "पालक सद्यस्थितीत बालकांचा सांभाळ करण्यास असमर्थ असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते, सबब पुढील आदेशापर्यंत" वगैरे वगैरे. मुलगी मुलींच्या बालगृहात, मुलगा मुलांच्या, शहराच्या दोन टोकांना. ती दोघं जन्मात कधी वेगळी झोपली नाहीयेत हो.

आणि एका कागदावर बहिणीची सही घेतलीय, तिने न वाचताच केली. तिला आता एकच घोर लागलाय की आपण मुलं लिहून तर नाही ना दिली.

हे कायमचं असतं का? मी सख्खी मावशी, मला मिळतील का? कोर्टात जायचं तर कुठल्या?

(एडिट: शाळेचं आणि एरियाचं नाव काढून टाकलंय, खाली सांगितल्याप्रमाणे.)

सह्याद्री_वारा

ताई सरळ हायकोर्टात हेबिअस कॉर्पस टाका, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला कोर्टापुढे आणा असा अर्ज. मूल आईचं असतं, सरकारचं नाही. आणि कटू आहे पण सांगतो, या संस्थांना डोक्यामागे अनुदान मिळतं, त्यामुळे एकदा आत गेलेलं मूल लवकर बाहेर येत नाही.

काळा_कोट

नीलूताई, सगळ्यात आधी पोस्टमधलं शाळेचं आणि एरियाचं नाव काढा, आत्ता लगेच. अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते घरच्यांनाही लागू होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरवत असाल "मदत करा" म्हणून, तर तेही थांबवा.

सह्याद्री, हेबिअस इथे बहुतेक टिकणार नाही. समितीच्या आदेशाने ठेवलेलं मूल हे बेकायदा डांबलेलं धरत नाहीत, अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये हेच सांगितलंय की आदेश चुकीचा वाटत असेल तर कायद्यात अपील दिलंय ते करा. आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे व्यवहारात सेशन्स कोर्टात. समितीच्या कारभाराबद्दलच तक्रार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, कलम २७ मध्ये आहे. पण ताई, आजच अपिलाच्या मागे लागू नका, तारीख मात्र कॅलेंडरवर मार्क करून ठेवा, कारण ते ३० दिवस भुर्रकन जातात.

आता कायमचं का, तर नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात क्रम असा आहे की मूल २४ तासांत समितीपुढे, मग समिती चौकशी लावते, सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि मूल पहिल्यांदा हजर केलं त्या दिवसापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायला हवा. तुमच्याकडे आहे तो मधला आदेश. अंतिम आदेशात समितीपुढे बरेच पर्याय असतात, त्यातला एक म्हणजे मूल आईकडेच परत, देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय. दुसरा म्हणजे "योग्य व्यक्ती"कडे, थोड्या काळासाठी किंवा लांबच्या मुदतीसाठी. तिथे तुम्ही बसता. ती समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे, त्यामुळे ते सरकारी ऑफिस समजून जाऊ नका, कोर्ट समजून जा. बहिणीला हे नीट सांगा.

सहीचं म्हणाल तर तो नव्वद टक्के तिचा जबाब असणार. मूल स्वाधीन करण्याची प्रक्रिया वेगळी असते, कलम ३५, त्यात समितीसमोर स्वतंत्र करारनामा होतो, आधी समुपदेशन करतात, आणि तेही झालं तरी आईबापाला फेरविचाराला ६० दिवस असतात. रागाच्या भरात एका सहीत मुलं जात नाहीत. तरीही उद्याच त्या कागदाच्या आणि आदेशाच्या प्रती मिळायला लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० नंबर आहे.

गुरुजी_निवृत्त

सगळे त्या आईच्या बाजूने बोलत आहेत म्हणून विचारतो, शेजाऱ्याने फोन केला नसता तर? ३४ वर्षं शाळेत काढली, कुलपाआडच्या मुलांच्या किती गोष्टी सांगू. दोन लेकरं पेटत्या पडद्याजवळ आणि बाहेरून कुलूप. समितीने त्याच संध्याकाळी मुलं परत त्याच खोलीत पाठवायला हवी होती का?

नीलूमावशी

गुरुजी, तुमचं वाचून आधी राग आला, मग रात्रभर झोप नाही लागली. शेजारच्या काकूंचं काही चुकलं नाही. बहीण त्यांच्याशी बोलत नाहीये ते मलाही पटत नाही. पण तिने तरी काय करायचं होतं, पाळी बदलून मागितली तर सुपरवायझर म्हणाला जमत नसेल तर सोडा.

जुनी_पीओ

धागा उशिरा बघितला. मी परिवीक्षा अधिकारी (पीओ, समितीसाठी घरी जाऊन चौकशी करून अहवाल देणारी) म्हणून १४ वर्षं काम केलंय, आता घरी आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते, जरा लांबेल.

आधी सह्याद्री यांना. डोक्यामागे परिपोषण अनुदान असतं हे खरं, आणि ते वेळेवर येत नाही हे त्याहून खरं. मूल आत राहण्याचं कारण बहुतेक वेळा अनुदान नसतं, कारण हे असतं की फाईलमध्ये दुसरं काही येतच नाही. नीट समजून घ्या नीलूताई. आज तुमच्या भाचरांच्या फाईलमध्ये काय आहे? पोलिसांचा रिपोर्ट, तोडलेलं कुलूप, जळका पडदा, आरडाओरडा करणारी आई आणि झोपेच्या गोळ्या. एवढंच. त्या एका रात्रीपलीकडे त्या घराबद्दल समितीला काही माहीत नाही. थोरली पाचवीत असून बादली ओतायचं भान ठेवते, म्हणजे त्या पोरीला कोणीतरी नीट वाढवलंय, हे फाईलमध्ये नाही. ते तुम्हाला घालायचंय.

म्हणून तपासणीला जो कोणी घरी येईल त्याची वाट बघत बसू नका, जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा की आमची गृहभेट कोणाकडे दिलीय. पंधरा दिवस कायद्यात आहेत हो, पण एका माणसाकडे किती फाईली असतात ते मी बघितलंय, मी स्वतःच महिना महिना लावलाय, आज कबूल करायला काय जातंय. विचारणाऱ्याची भेट आधी होते, हे काही बरोबर नाही पण असंच आहे.

घरी आल्यावर आम्ही काय बघायचो सांगू का, लोकांना वाटतं टाइल्स आणि फ्रिज बघतात. मी आधी दप्तर बघायचे. वहीत शेवटची तारीख कुठली आहे, शाळेच्या डायरीवर सही आईची आहे का मुलाने मारलीय. लसीकरणाचं कार्ड विचारलं की बाई कुठून काढते, पटकन पत्र्याच्या पेटीतून काढलं तर मी मनात मार्क द्यायचे. मग एकच प्रश्न, रात्री तुम्ही नसाल तेव्हा मुलांपाशी कोण? याचं उत्तर एका माणसाच्या नावात पाहिजे. "बघू", "करू काहीतरी", "देव आहे" ही उत्तरं लिहून घेतली की अहवाल उलटा जातो. तुमच्या केसमध्ये सगळा प्रश्न या एका उत्तराचा आहे.

तर आता: पाळी बदलून देतायत का ते कंपनीकडून लेखी घ्या. नाही म्हणाले तर नाही म्हणून लेखी मागा, नुसत्या मागण्यानेही कधी कधी पाळी बदलते. गोळ्या कोणी लिहून दिल्यात त्या डॉक्टरचं पत्र घ्या, की किती पॉवरची, कशासाठी, उपचार व्यवस्थित चालू आहेत. लपवू नका, नवरा गेलेल्या बाईने झोपेची गोळी घेतली तर कोणी तिला नालायक ठरवत नाही, लपवलं की मात्र संशय येतो. शेजारच्या काकूंचा जबाब, हो त्याच काकूंचा. ज्यांनी फोन केला त्याच जर म्हणाल्या की बाई चांगली आहे, फक्त रात्रीची सोय नाही, तर त्याला जे वजन आहे ते तुमच्या आमच्या म्हणण्याला नाही. बहिणीला सांगा, आधी काकूंकडे जाऊन चहा पी.

आणि पैशाचं. सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत एकच पालक असलेल्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. दोघांचे ४५००. तेवढ्यात रात्रपाळीच्या आठवड्यात झोपायला येणारी एखादी मावशी मिळते की. गंमत म्हणजे त्या योजनेची मंजुरीही याच समितीतून जाते. मिस्टर गेले तेव्हा कोणी हा फॉर्म भरून दिला असता तर कुलूपच लागलं नसतं. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात लिहिलंय की नुसती गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही, तिथे मदत द्यायची असते. आपल्या कायद्यातही कलम ३ मध्ये संस्था हा शेवटचा उपाय म्हटलंय. पण फॉर्म आपणहून घरी चालत येत नाही.

माझ्या वेळची एक आजी सांगते. नातीसाठी दर गुरुवारी यायची, समितीच्या दारातल्या बाकावर बसायची, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्डापासून नातीच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं. बोलावलेलं नसलं तरी यायची. सदस्य आत जाताना म्हणायचे, आजी आल्या का. चौथ्या की पाचव्या गुरुवारी फाईल वर आली. त्याच बॅचचा दुसरा एक मुलगा होता, त्याचे काका एकदा आले, "साहेब नाहीत" ऐकून गेले ते गेलेच. तो मुलगा माझ्या बदलीपर्यंत तिथेच होता. दोघांच्या ऑर्डरवर शब्द तेच होते, पुढील आदेशापर्यंत.

शनिवारचा_बाबा

माझी केस वेगळी आहे, फॅमिली कोर्टातली, पण तात्पुरतं या शब्दाबद्दल अनुभव आहे म्हणून लिहितो. घटस्फोटाच्या केसमध्ये मुलीचा अंतरिम ताबा बायकोकडे, मला शनिवारी दोन तास भेट, तीही कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. निळी प्लास्टिकची घसरगुंडी आहे तिथे, एका कडेला चिरलेली, त्यावर चिकटपट्टी. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा त्यावरून घसरायची, आता साडेसहाची आहे, त्यावर बसून मला इंग्लिशचे स्पेलिंग विचारायला लावते. अडीच वर्षं अंतरिम. तारीख पे तारीख कशाला लिहू, सगळ्यांना माहितीय.

माझा वकील सांगतो की मुलांच्या ताब्याचा कुठलाच आदेश तसा कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. कागदावर खरंय. पण मूल जिथे रुळतं तिथे रुळतं, मग पुढचं कोर्ट म्हणतं आता कशाला हलवायचं. म्हणून पीओ मॅडम म्हणतात ते ऐका, पहिले काही महिनेच काय ते.

एक सांगतो, भेटीला गेल्यावर "तुला इथे कसं ठेवतात, मारतात का" असं विचारत बसू नका. मी केलं ते. पोरगी पुढच्या वेळी यायलाच घाबरली. अभ्यासाची वही घेऊन जा, गणितं सोडवा, केस विंचरून द्या.

म्युनिक_मिसळ

इथे जर्मनीत आपल्या लोकांना युगेंडआम्टची (मुलांचं कल्याण बघणारं सरकारी ऑफिस) फार धास्ती असते म्हणून थोडंफार वाचलंय. इथेही तातडीचा धोका वाटला तर ते ऑफिस कोर्टाच्या आधीच मूल ताब्यात घेऊ शकतं. पण आईबापाने हरकत घेतली की एक तर मूल परत द्यायचं नाहीतर लगेच फॅमिली कोर्टात जायचं, आणि केस दाखल झाली की कोर्टाने महिन्याच्या आत सुनावणी ठेवायची. मुलासाठी कोर्ट वेगळा प्रतिनिधी नेमतं, तो ना आईचा ना ऑफिसचा. सगळं छान चालतं असं नाही, लोक वर्षानुवर्षं अडकलेत.

मावशीने मुलं स्वतःच्या नावावर मागण्याबद्दल मात्र नॉर्वेची ती केस आठवा. २०११ मध्ये स्टाव्हांगरला बंगाली जोडप्याची दोन मुलं काढून घेतली होती, आपल्या सरकारने मध्ये पडून २०१२ च्या एप्रिलमध्ये मुलं भारतात आणली, पण काकाच्या ताब्यात. मग आईला भारतात परत पहिल्यापासून लढावं लागलं, जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने मुलं तिला दिली. परक्या देशाशी भांडून झालं आणि मग घरच्यांशी.

काळा_कोट

म्युनिक, बरोबर मुद्दा. सुप्रीम कोर्टाचा मे २०१९ चा एक निकाल आपल्याकडचाच आहे, मुंबई हायकोर्टातून वर गेलेला. आई कॅन्सरने गेली, आजारपणात बाळ मावशीकडे होतं, तिने जीव लावला, नंतर बापाने मागितलं तर दिलं नाही. कोर्टाने मावशीच्या मायेबद्दल वावगं काही म्हटलं नाही, पण बाळ बापाकडे दिलं, मावशीला भेटायची मुभा ठेवली. पालक हयात आणि नालायक ठरलेला नसेल तर नातेवाइकाचा हक्क त्याच्या मागेच. त्यामुळे नीलूताई, अर्ज करताना "मुलं मला द्या" असं लिहू नका. "आईची सोय लागेपर्यंत मुलं योग्य व्यक्ती म्हणून माझ्याकडे, दोघं एकत्र ठेवावीत, आईने केव्हाही भेटावं" असं लिहा. बहिणीची संमती त्याच अर्जावर. दोघं भावंडं वेगळी राहतायत हा तुमच्या अर्जातला सगळ्यात जड मुद्दा आहे, तो पहिल्या परिच्छेदात घ्या.

नीलूमावशी

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. सगळ्यांचे फोन नंबर असते तर एकेकाला फोन करून रडले असते.

त्या सहीचा कागद मिळाला, जबाबच होता. बहिणीने तो तीनदा वाचला, मग उशीखाली ठेवून झोपली, गोळी न घेता.

काकूंकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी दार उघडलं आणि त्याच आधी रडल्या, म्हणाल्या मला वाटलं पोलीस नुसती समज देऊन जातील. त्यांनी जबाब दिलाय, आणि रात्री त्यांची सून आमच्याकडे झोपायला यायला तयार आहे, महिन्याला दोन हजारात. नाव लिहून दिलंय पीओ मॅडम, एका माणसाचं नाव, तुम्ही सांगितलं तसं. कंपनीने आधी नाही म्हटलं, लेखी द्या म्हटल्यावर दोन दिवसांनी दिवसपाळी दिली, सध्या तीन महिन्यांसाठी. बाल संगोपनचे दोन्ही फॉर्म भरलेत.

गृहभेट झाली. आलेल्या बाईंनी खरंच आधी दप्तर उघडलं!! मी आणि बहीण एकमेकींकडे बघत राहिलो.

अपील नाही केलं, वकीलबाई (विधी सेवेतून मिळाल्या) म्हणाल्या तारीख जवळच आहे, अर्जच पुढे रेटू. पुढची तारीख येत्या मंगळवारी. मी दर आठवड्याला जाते, पिशवी घेऊन. तिथला शिपाई ओळखायला लागलाय.

रविवारी धाकट्याला भेटलो तर त्याने ताईसाठी अर्धी बिस्किटं बाजूला काढून खिशात ठेवलेली होती, कुठल्या वारापासूनची देव जाणे, नुसता भुगा. म्हणाला तिला दे. मी थोरलीला दिली, तिने काही न बोलता तो भुगा खाल्ला, कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला.

एक विचारायचं होतं, समजा मंगळवारी माझ्याकडे दिली तर शाळेचं काय, वर्षाच्या मध्यात माझ्या गावी घालायची का? दाखल्यासाठी अर्ज कोणाच्या सहीने, बहिणीच्या का माझ्या?

जुनी_पीओ

बहिणीच्या. पालक तीच आहे अजून. सोबत समितीच्या आदेशाची प्रत जोडा, पण शाळेत फक्त मुख्याध्यापकांच्या हातात द्या, ऑफिसात टेबलावर सोडून येऊ नका. आणि मंगळवारी आधी हे विचारा की दिवसपाळी लागलीय, रात्रीला माणूस आहे, तर मुलं थेट आईकडेच का नाही. तुमच्याकडचा पर्याय पिशवीत ठेवा, लागला तर काढा.